सख्ख्या भावाचं एक मत

माझ्या नणंदेला कपबशी हे चिन्ह मिळालं, आणि त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी कपबशीतून चहा पिणं बंद केलं.

सकाळी नेहमीसारखी कपबशी पुढे ठेवली तर म्हणाले, "पेल्यात दे." मला वाटलं कपाचा कान हलत असेल, म्हणून दुसरी काढली. तीही सरकवली. "स्टीलच्या पेल्यात दे म्हणलं न्हाई का?" लग्न झाल्यापासून मी ह्या माणसाला बशीतूनच चहा पिताना पाहिलं आहे. बशीत ओतायचा, फुंकर मारायची आणि असा भुरका मारायचा की भिंतीपलीकडच्या शेजारणीला कळावं, यांच्याकडे चहा झाला. ती रोज तिकडून ओरडून विचारतेही, "झाला का वो चहा?" तोच माणूस आता तापलेला पेला रुमालात धरून ओठ भाजून घेत बसला. कारण विचारलं तर म्हणे, "उगी कुनी म्हणाया नको."

हा 'कुणी' म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याची बायकोही नगराध्यक्षपदालाच उभी होती, आणि तिचं चिन्ह होतं शिलाई मशीन. आमच्या घरात शिलाई मशीन नाही हे बरं. नाहीतर निवडणूक होईपर्यंत मला ब्लाउज बाहेर शिवायला टाकावे लागले असते.

आमचं गाव तालुक्याचं. नगराध्यक्ष लोकांनी थेट मत देऊन निवडायचा, आणि ह्या खेपेला ती जागा बायकांसाठी राखीव होती. अर्ज बरेच आले, पण खरी लढत या दोघींतच. माझी नणंद म्हणजे शाळेतल्या बाई. पहिली नेमणूक धावड्याला झाली, मग बदल्या होत होत ती इथे आली आणि इथेच रिटायर झाली. गावातल्या निम्म्या बायकांना तिने पाढे शिकवलेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या पोरांना. यजमान गेले, मुलं पुण्याला गेली, आता ही गप्प घरी बसेल असं वाटलं होतं. पण नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि बाईंना नेम नसलेली गोष्ट सहन होत नाही. दर सोमवारी बायका गोळा करून ती नगरपालिकेत जायला लागली. शेवटी एक दिवस त्या बायकाच म्हणाल्या, "बाई, दर खेपेला त्या खुर्चीपुढं उभं राहन्यापरीस खुर्चीवरच बसा ना." आणि बाई उभ्या राहिल्या.

मित्राच्या बायकोबद्दल माझं काही वाईट म्हणणं नाही. साधी बाई. बॅनरवर तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा होता, आणि सभेत ती बोलायला उठली की माइक नवराच धरायचा. तिलाही बहुतेक कळत नसावं, आपण उभ्या आहोत की तो.

मी तहसीलमध्ये नोकरी केली. निवडणुका इतक्या केल्या की मतपेट्या होत्या तेव्हापासून मशीन आलं तोपर्यंत सगळं हाताखालून गेलं. त्या सगळ्या वर्षांत मतदान केंद्रावर मला एकाच माणसाचा राग यायचा. दारू पिऊन आलेल्याचा नाही, वाद घालणाऱ्याचाही नाही. पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन नुसता उभा राहणाऱ्याचा. बाहेर रांग खोळंबलेली, बायकांच्या काखेत लेकरं, आणि हा आत चिन्हं वाचतोय, जसा काही पोरीची पत्रिका जुळवतोय. अरे बाबा, इतके दिवस गावात भोंगे बोंबलत होते तेव्हा तू काय करत होतास? माझं माहेर आष्टीचं. आमच्याकडे हो म्हणायचं तर हो, नाही म्हणायचं तर तोंडावर नाही. ही तळ्यात-मळ्यात करणारी माणसं मला लग्न करून इकडे आल्यावरच भेटली.

तर अशा माझ्यावर नणंदेने आमच्या गल्लीचा प्रचार सोपवला.

पहिलंच घर रिटायर हेडमास्तरांचं. त्यांनी दोन्ही जाहीरनामे टेबलावर पसरले होते आणि लाल पेनने खुणा करत होते. म्हणाले, "दोघींचंबी वाचून राह्यलो. काही मुद्दे अजून स्पष्ट न्हाई झाले." मी म्हटलं, "सर, पेपर तपासायचे नाहीत, बटण दाबायचंय." ते हसले, चहा मागवला आणि पुन्हा लाल पेन उचललं. पुढे गिरणीवाली. ज्वारी दळता दळता हात न थांबवता म्हणाली, "बघू की माय. आजून लई टाइम हाय." चहा तिनेही पाजला. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने रिक्षाच्या पुढे कपबशी चिकटवली होती आणि मागे शिलाई मशीन. "पुढून बाईचं, मागून वहिनीचं," तो म्हणाला. "धंदा हाय काकू, कुनाला नाराज करून कसं चालन?" मी म्हटलं, "आणि मत?" तर डोकं खाजवून म्हणाला, "त्याचं बघू."

बघू, बघू, बघू. मत कुणी कबूल करेना आणि चहा कुणी चुकवेना. संध्याकाळी घरी येईपर्यंत पित्ताने माझं डोकं भणभणायचं, आणि घरी आलं की समोर हे, हातात स्टीलचा पेला.

यांचं 'बघू' काही नवीन नाही. आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगापुढे उभे राहिले की बाजार उठायची वेळ येते. एक वांगं उचलतील, देठ बघतील, ठेवतील, दुसरं उचलतील. शेवटी वांगीवालीच वैतागून पिशवीत भरून देते. मला बघायला आष्टीला आले होते तेव्हाही पोहे खाल्ले, पाणी प्यायले, "बघू, कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवायला अक्षय्य तृतीया उजाडली. माझ्यासारखी मुलगी पाहून! तो राग माझा अजून पूर्ण गेलेला नाही. वर्षातून एकदा तरी मी तो काढून वाळवून ठेवते.

पण वांगी वेगळी, बायकोही वेगळी. ही सख्खी पाठची बहीण. आणि तिच्यावर यांचा जीव किती, ते दिवाळीला बघावं. नणंद आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहते. गच्चीवरून कपडे वाळत घालताना आम्ही दोघी बोलतो. तरी दिवाळीला ती आपली आपण चालत येत नाही. भाऊ मुराळी होऊन न्यायला गेला तरच माहेरी यायचं, ही तिची रीत. आणि हे जातातही. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा पुडा, आणि रिक्षा करून. रिक्षा वळते न वळते तोच घर येतं. ती तिकडे सकाळपासून पिशवी भरून बसलेली असते, पण भाऊ आल्यावर मुद्दाम वेळ लावते. बस दादा, पाणी घे, चहा घे, आजून कुलूप सापडंना. एका दिवाळीला यांची कंबर धरली होती म्हणून आम्ही मुलाला गाडी घेऊन पाठवलं. तिने त्याला लाडू खाऊ घालून रिकामं परत पाठवलं. "मुराळी भाऊच लागतो," म्हणाली. हे कंबरेला पट्टा बांधून गेले.

असा भाऊ, आणि तो म्हणतो बघू.

पेल्याची गोष्ट गावात लपली नाही. शेजारणीला भुरका ऐकू येईना, तिने गिरणीत विचारलं, आणि गिरणीतून ते नणंदेपर्यंत पोहोचलं. एक दिवस प्रचारातून येता येता तिने मला गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. गळ्यात मफलर, आवाज बसलेला.

"वहिनी, दादा पेल्यात चहा पिऊन राह्यला म्हणे?"

मी काय सांगणार? म्हटलं, "त्यांचं तुम्हाला माहीत आहे ना ताई. त्यांना वांगं घेता येत नाही."

ती हसली नाही. "मी पडले तर पडले," म्हणाली. "शाळेत किती पोरं नापास केलीत मी, मला बी एकदा कुनी केलं तर काय झालं. पन दादाचं एक मत मला पाहिजे. ते नसंल तर निवडून येऊनबी काय करू?"

"मग येऊन सांगा त्यांना तसं."

"मी न्हाई मागनार. भावानं मागितल्यावर दिलं तर त्याला काय अर्थ हाय?"

एवढं बोलून ती पुढच्या गल्लीत गेली. मला दोघांचाही राग आला.

मित्राचं मात्र तसं नव्हतं. तो पहिल्याच दिवशी बायकोला घेऊन आमच्या घरी येऊन गेला होता. ओट्यावर चपला काढल्या, नारळ दिला, दोघांनी वाकून नमस्कार केला. "तुझ्याच दारातून सुरुवात करून राह्यलो," म्हणाला. "बराबर सांग, मत आमचं धरू ना?" हे म्हणाले, "बघू." पण त्याला पोचवायला पार कोपऱ्यापर्यंत गेले.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी नणंदेची फेरी आमच्या गल्लीत आली. पुढे ढोलकी, मागे तिच्या जुन्या विद्यार्थिनी, आता नातवंडं असलेल्या, तरी बाईंच्या मागे रांगेत चालणाऱ्या. हे ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. फेरी जवळ आली तसे उठून उभे राहिले. मी दारातून पाहिलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. मनात म्हटलं, आज काय विशेष? नणंद हेडमास्तरांच्या घरी गेली, शेजारणीच्या घरी गेली, आमच्या दारापाशी आली आणि मागच्या बायकांना म्हणाली, "हे काय, आपलंच घर हाय, चला पुढं." हात केला आणि पुढच्या घराचं फाटक उघडलं. हे जरा वेळ तसेच उभे राहिले. मग बसले, आणि पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.

दुपार उतरली आणि भोंगे बंद झाले. प्रचार संपला की गावात जी शांतता होते ती मला नोकरीपासून आवडते. लग्नघरातलं वऱ्हाड पांगल्यावर होते तशी. उद्या मतदान. केदारखेड्याच्या शिवारातून आमच्या शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या, त्या सोलत आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. यांचे हात शेंगा सोलताना छान चालतात, तिथे बघू नसतं. मी बराच वेळ धीर धरला. मग काही धरवेना.

"उद्या कुणाला देणार आहात?"

"बघू."

बस्. मी हातातली शेंग सुपात आपटली.

"काय बघू? काय राहिलंय बघायचं? गावातली माणसं बघू म्हणतात ते मी ऐकून घेतलं. रिक्षावाल्याचा धंदा आहे, मास्तरांना तपासायची खोड आहे. तुमची सख्खी बहीण उभी आहे! उन्हातान्हात घसा बसेपर्यंत फिरली, आणि तुम्ही पेला घेऊन बसलात. लाज वाटत नाही? दिवाळीला टोपी घालून मिरवत जाता ते काय लोकांना दाखवायला?"

हे शांतपणे सोलत राहिले. मग एक दाणा हातातल्या हातात फिरवत म्हणाले, "ती आल्ती का मपल्या दारात?"

"अहो, घरच्याला कसलं आवतण? तुम्ही काय परके आहात?"

"दिवाळीला ती हाकेच्या अंतरावर राहती का न्हाई?"

"राहते."

"तिला रस्ता ठाव हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग मी काहून जातो टोपी घालून?"

मी सुपात आपटलेली शेंग परत उचलली.

"सगळ्या गावाच्या दारात गेली," ते म्हणाले. "मास्तरच्या गेली, गिरणीवालीच्या गेली. मी सकाळपासून शर्ट घालून बसल्तो. मपल्या दारावरून हात करून गेली, जसा काही मी धरलेलाच हाय. दोस्त बायकूला घिऊन आला, वाकला. तिनं नुसतं 'दादा, चल' म्हणलं असतं तर बास झालं असतं. मला कुनी इचारलंच न्हाई अन् तू म्हनती ठरवत न्हाई."

मग खाली बघतच म्हणाले, "तुला बघाया आल्तो तवाबी कुनी इचारलं न्हाई. बाप अन् मामा आपसात बोलत बसले. मला पयल्याच दिवशी पसंत व्हती."

इतकी वर्षं वाळवून ठेवलेला राग असा भर ओट्यावर, तुरीच्या सालांत, हातातून काढून घेतला या माणसाने. मी उठले, पदराला हात पुसले आणि नणंदेच्या घरी निघाले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांना दाखवायचं नव्हतं, हेही एक कारण होतं.

नणंद घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून पाय बुडवून बसली होती. मी सगळं सांगितलं. पसंतीचं सोडून. ते माझं होतं.

ती ऐकता ऐकता पाय पाण्यातून काढून ताठ बसली. "तो शर्ट घालून बसल्ता?"

"इस्त्रीचा."

"मला वाटलं पेपर वाचून राह्यला. मला वाटलं सख्ख्या भावाच्या दारात हात पसरले तर त्यालाच कसंतरी वाटन." ती पुढच्या क्षणी उठलीच, ओले पाय चपलेत घातले. आणि मग थांबली. "पन वहिनी, प्रचार तर बंद झाला."

झाला होता. आणि प्रचार बंद झाल्यावर एक शब्द बोलायचा नाही, कुणाच्या दारात मत मागायला जायचं नाही, हे मीच तिच्या सगळ्या बायकांना ओळीत बसवून सांगितलं होतं. तहसीलमधली मी ना. बाकीचे उमेदवार काय करत होते ते गावाला ठाऊक होतं, पण आमच्या बाई म्हणजे बाई. फळ्यावर लिहिलेला नियम पुसून पुढे जाणाऱ्यांतल्या नव्हेत.

"मत मागायला न्हाई येता येनार आता," ती खुर्चीत बसत म्हणाली. "माझंच चुकलं."

मी घरी परतले. वाटेत मला दोघांनाही एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी असं वाटत होतं. एक मागणार नाही, एक मागितल्याशिवाय देणार नाही, आणि नियम मीच करून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी हे उजाडताच अंघोळ करून तयार झाले. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात मतदानाची चिठ्ठी. आणि ओट्यावर बसले. मला म्हणाले, "तू जाऊन ये." मी गेले, रांगेत उभी राहिले, आत गेले, बटण दाबलं, आले. आडोशाला श्वास घ्यायलाही थांबले नाही. परत आले तरी हे तिथेच. मित्राची गाडी दारात थांबली, काच खाली झाली. "चल, तुला सोडतो शाळेपाशी." हे म्हणाले, "तू हो पुढं. बघू." गाडी गेली. ऊन ओट्याच्या कडेवरून आत सरकलं तसे हेही आत सरकले. मी चहा विचारला तर पेल्यातही नको म्हणाले.

मला खरंच वाटलं, हा माणूस मतदान संपेपर्यंत असाच बसणार आणि संध्याकाळी चिठ्ठी खिशातून काढून देव्हाऱ्यात ठेवणार.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नणंद दिसली. एकटी. गळ्यात पट्टा नाही, बिल्ला नाही, मागे बायका नाहीत. अंगावर यांनीच ओवाळणीत घातलेली हिरवी साडी, आणि हातात पेढ्यांचा पुडा. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन बघत होती, कारण उमेदवाराने त्या वेळी दहा ठिकाणी असायला हवं होतं. ती आमच्या ओट्यापाशी आली, पायरी चढली नाही, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली,

"दादा, मी मुराळी आले. तुला न्यायला."

मत हा शब्द नाही, कपबशी नाही, चिन्ह नाही. माझ्यातली तहसीलवालीही काही म्हणू शकली नसती.

यांनी तिच्याकडे पाहिलं. तोंडावर काहीच दिसू दिलं नाही. "बस," म्हणाले. "पानी घे."

तिने पाणी घेतलं. गुळाचा खडा घेतला. हे आत गेले ते येईचनात. मी आत डोकावले तर कपाट उघडून उभे. "टोपी सापडंना," म्हणाले. टोपी समोरच्या खुंटीला होती. मी दाखवली तर म्हणाले, "व्हय, पन जरा बसू दे तिला. दर दिवाळीला मला किती बसवती." बाहेरून आवाज आला, "दादा, लवकर कर, मला आजून लई ठिकानी जायचंय!" त्यावर हे माझ्याकडे बघून जे हसले, ते मला आष्टीला पोहे खाताना हसले असते तर तेव्हाच कळलं असतं.

मग दोघं निघाले. तिने रिक्षा बोलावली होती, पुढे-मागे दोन चिन्हंवाली तीच, पण त्या दिवशी दोन्ही काढलेली. रिक्षा वळते न वळते तोच शाळा आली, असं नंतर रिक्षावाल्याने सांगितलं. शाळेच्या अलीकडे रस्त्यावर चुन्याची रेघ मारली होती, तिथे ती उतरून थांबली आणि हे पुढे गेले. उमेदवाराला आत जायला हरकत नसते, पण भाऊ मत देत असताना आपण दारात दिसू नये असं तिला वाटलं. हे आत गेले आणि लगेच बाहेर आले. रिक्षावाला म्हणाला, "काकू, एवढ्या जल्दी तर मीबी न्हाई आलो."

घरी आल्यावर मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. संध्याकाळी चहाला मी मुद्दाम कपबशी काढली, तर म्हणाले, "पेल्यात दे. निकाल लागूस्तोर पेलाच." मी पेला आपटून ठेवला.

निकालाच्या दिवशी नणंद थोडक्यात पडली. फार थोडक्यात. मोजणी संपल्यावर तिकडून मित्राच्या बायकोची गुलाल उधळत मिरवणूक निघाली आणि नणंद इकडून सरळ आमच्या घरी आली. तिच्या बायका ओट्याबाहेर उभ्या राहिल्या, कुणी पदराने डोळे पुसत होत्या. गल्लीतले लोक एकेक करून येऊन गेले. मास्तर म्हणाले, "आमी तर बाईलाच देलं." गिरणीवाली म्हणाली, "मी बिलकुल बाईलाच देलं माय." रिक्षावाल्याने शपथ घेतली. माझी जीभ वळवळत होती. जेवढ्यांनी मत दिलं म्हणून सांगितलं तेवढी मतं खरंच पडली असती तर बाई आमदार झाल्या असत्या. पण नणंदच सगळ्यांना म्हणत होती, "असू द्या, असू द्या. सोमवारी पालिकेत यायचं इसरू नका." आवाज अजून बसलेलाच होता.

सगळे गेल्यावर ती आतल्या खोलीत येऊन बसली. हे समोर. ती यांच्याकडे बघत नव्हती आणि विचारतही नव्हती. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं, आणि मला वाटतं, त्यांनाही.

मी चहा टाकला. दोन पेले काढले. तेवढ्यात हे स्वयंपाकघरात आले. ह्या घरात चहापत्तीचा डबा कुठे असतो हे त्यांना आजतागायत माहीत नाही, पण मांडणीच्या वरच्या फळीवर हात घालून त्यांनी आपली रोजची कपबशी बरोबर काढली. वापरात नव्हती म्हणून तिच्यावर धूळ बसली होती. ती त्यांनी नळाखाली धरली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ह्यात दे," म्हणाले.

चहा घेऊन ते बहिणीच्या समोर जाऊन बसले. बशीत ओतला, फुंकर मारली आणि असा भुरका मारला, जसा इतक्या दिवसांत ऐकला नव्हता. नणंद त्या बशीकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, पण खांदे हसण्याने हलत होते.

"वहिनी," ती म्हणाली, "मलाबी बशीतच द्या."

दोघं बहीण-भाऊ समोरासमोर बसून आळीपाळीने भुरके मारत होते, तोच भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "झाला का वो चहा?"

"झाला," मी म्हटलं.